नादाने घर शुद्ध होते का?

चवथ आठ-दहा दिवसांवर आली की गोव्यातील कितीतरी बंद घरांची कुलपे निघतात. घरची माणसे मुंबईला, पुण्याला नाहीतर आखातात. घर मात्र वर्षातले बहुतेक दिवस मिटलेले. दार ढकलताच आतून येणारी ती दमट, कोंदट हवा ज्याने घेतली आहे, त्याला ‘घर जड झाले आहे’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मग केर निघतो, खिडक्या उघडतात, समई लागते, धूप फिरतो आणि देव्हाऱ्यातली घंटा वाजते. तो नाद खोल्यांतून फिरला की घर हलके झाल्यासारखे वाटते. हे वाटणे खरे असते. प्रश्न एवढाच की, हलके नेमके काय झाले?

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण या वाटण्याभोवती एक बाजार उभा आहे. हरमल ते हणजूण या किनारपट्टीवर कांस्यवाट्या आणि मोठ्या गाँगच्या साहाय्याने नादोपचाराची सत्रे भरतात. मोबाइलवर ‘नकारात्मक ऊर्जा घालवणारे’ सूर तासन्‌तास ऐकता येतात. अमुक कंपनसंख्येने भिंतीतले दुःख निघते, अमुक घंटेचा नाद सात सेकंद टिकून सात चक्रांना स्पर्श करतो, असे संदेश रोज एका गटातून दुसऱ्या गटात जातात. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला तरी त्यात ध्वनीबद्दल काही ठाम विधाने केलेली असतात आणि विधाने तपासता येतात.

देवांनी यावे, राक्षसांनी जावे

घरच्या पूजेत देवांना स्नान घालण्याआधी कलश, शंख, घंटा आणि दीप यांची पूजा होते. घंटापूजेच्या श्लोकाचा आशय अगदी नेमका आहे: देवांचे आगमन व्हावे आणि राक्षसांनी निघून जावे, यासाठी हा नाद केला जात आहे. म्हणजे नादाने वास्तू निर्मळ करण्याची कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. ती रोजच्या पूजेच्या पहिल्या काही मिनिटांतच आहे. मात्र त्या श्लोकात घंटा हे आवाहन आहे. कोणीतरी येणार आहे, त्याच्यासाठी जागा करायची आहे. ऊर्जा, लहरी, कंपनसंख्या यांचा तिथे मागमूस नाही. हे शब्द नंतर, भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतून उचलून, जुन्या आचाराला चिकटवले गेले. खरे तर श्लोकाला त्या आधाराची गरजही नव्हती.

उदकशांतीत याहून सुंदर योजना आहे. मंत्र पाण्याने भरलेल्या कलशासमोर म्हटले जातात आणि मग ते पाणी घरभर शिंपडले जाते. नाद क्षणात विरतो हे ज्याला पक्के ठाऊक होते, त्यालाच तो पाण्यात साठवून ठेवण्याची ही कल्पना सुचली असावी.

ही समजूत एकट्या हिंदू घरांचीही नाही. युरोपात चर्चच्या घंटांना विधिपूर्वक आशीर्वाद दिला जाई आणि वादळ, वीज, दुष्ट शक्ती यांना पिटाळण्यासाठी त्या वाजवल्या जात. विजा कडाडत असताना उंच मनोऱ्याखाली ओला दोर धरून उभ्या राहणाऱ्यांचे काय होई, याची नोंद म्युनिक येथे १७८४ मध्ये निघालेल्या एका पुस्तकात आहे: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज कोसळली आणि १०३ घंटावादक प्राणास मुकले. बेंजामिन फ्रँकलिनने वीजवाहक सळईची कल्पना मांडून तेव्हा तीन दशके उलटली होती; तरीही दोर ओढणे थांबले नव्हते.

अशाच कित्येक घंटा १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर मराठे घेऊन गेले आणि त्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. कोणाला बोलवायचे आणि कोणाला पळवायचे हे बदलले. घंटेचा सूर तोच राहिला.

सात धातूंची गोष्ट

नादोपचारातील सर्वांत लोकप्रिय वाद्य म्हणजे तथाकथित तिबेटी वाटी. तिच्याबद्दल सांगितले जाते की ती सात ग्रहांच्या सात धातूंची असते आणि प्राचीन मठांत घर शुद्ध करण्यासाठी वापरली जात असे. ज्या वाट्यांचे रासायनिक पृथक्करण झाले, त्यांत प्रामुख्याने तांबे आणि कथील सापडले. म्हणजे कांसे, ज्याची ताटे-वाट्या आपल्या आज्यांच्या फडताळात असत. साधारण चार भाग तांब्याला एक भाग कथील हे घंटेच्या धातूचे जुने प्रमाण. कथील वाढले की धातू कडक होतो, ठिसूळही होतो, आणि ठोक्याने मिळालेले कंपन सहजी गिळून टाकत नाही. म्हणून पितळी तांब्या पडला तर खणखणतो आणि कांस्याची घंटा गाते.

यांतील बऱ्याच वाट्या नेपाळमध्ये घडवल्या जातात. तिबेटी बौद्ध विधींत हातघंटा, झांजा, शंख, मोठी कर्णे यांना मानाचे स्थान आहे. वाटीच्या कडेवरून दांडका फिरवून ती ‘गायला’ लावण्याच्या प्रथेचे जुने पुरावे मात्र फार तुटपुंजे आहेत. पाश्चात्त्य श्रोत्यांना ती ओळखीची झाली १९७० च्या दशकात. हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांची ‘टिबेटन बेल्स’ ही ध्वनिमुद्रिका १९७२ मध्ये आली आणि तिथून हा प्रवाह सुरू झाला. म्हणजे ‘हजारो वर्षांची’ ही परंपरा, निदान आजच्या रूपात, पन्नाशीच्या आसपासची आहे. वाटीचा नाद त्यामुळे कमी गोड ठरत नाही. तिचा घेर कुठेही अगदी एकसारखा नसतो, म्हणून एकमेकांच्या अगदी जवळचे दोन सूर एकाच वेळी उमटतात आणि त्यांच्या मिसळण्याने आवाज लाटेसारखा वरखाली होतो. श्रोत्याला वाटी श्वास घेत असल्यासारखी वाटते ती यामुळे.

भिंती काय ठेवून घेतात?

घराच्या ‘शुद्धी’ची एक पद्धत १९९० च्या दशकात फेंगशुईच्या पुस्तकांतून जगभर पसरली. प्रत्येक कोपऱ्यात उभे राहून टाळ्या वाजवायच्या. जिथे टाळीचा आवाज मंद येईल तिथे ऊर्जा साचली आहे असे मानायचे, आवाज खणखणीत होईपर्यंत टाळ्या वाजवत राहायचे आणि शेवटी घंटा वाजवायची.

कोपऱ्याकोपऱ्यात टाळीचा आवाज बदलतो, हे निरीक्षण अचूक आहे. त्याचे कारण शंभर वर्षांपूर्वीच सापडले आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचा एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही; पुढचे डझनभर शब्द येऊन त्यावर आदळत आणि श्रोत्यांना काही म्हणजे काही कळत नसे. १८९५ मध्ये हे काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. रात्री शहर शांत झाले की तो आणि त्याचे मदतनीस जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या उचलून आणीत, त्या ओळीने मांडीत, ऑर्गनची नळी वाजवून ती बंद करीत आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ मोजीत. सकाळपूर्वी साऱ्या गाद्या परत जागेवर. अशा असंख्य रात्रींनंतर सूत्र हाती आले: खोलीचे आकारमान वाढले की घुमण्याचा काळ वाढतो आणि ध्वनी शोषणारे सामान वाढले की तो त्याच प्रमाणात कमी होतो.

त्यामुळे टाळी मंद येते ती गादी, कपड्यांचे गाठोडे, जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग किंवा अर्धवट उघडे कपाट असलेल्या कोपऱ्यात. कितीही टाळ्या वाजवल्या तरी गादी शोषायची थांबत नाही. ‘आता आवाज मोकळा झाला’ हा बदल ऐकणाऱ्याच्या कानात होतो. गंमत अशी की, या पद्धतीने पसाऱ्याचा कोपरा मात्र बिनचूक सापडतो. तो आवरला की घर खरोखरच मोकळे वाटते. श्रेय टाळीला जाते, काम झाडू करतो.

साधारण सामान असलेल्या खोलीत ध्वनी अर्ध्या सेकंदाच्या आसपास विरून जातो. हवेच्या कणांची ती हालचाल पडदे, गाद्या, भिंतीचा गिलावा यांत शिरते आणि मोजताही येणार नाही इतक्या अल्प उष्णतेत बदलते. पन्नास वर्षांपूर्वीचे भांडण किंवा पाठ, दोन्हीही भिंतीत साठून राहत नाहीत. जे साठलेच नाही, ते दुसऱ्या नादाने काढायचा प्रश्न उरत नाही.

ध्वनीने खरीखुरी साफसफाई होतेच, पण ती वेगळ्या ठिकाणी. सोनाराकडे किंवा चष्म्याच्या दुकानात पाण्याने भरलेली एक लहान पेटी असते. तिच्यात सेकंदाला हजारो कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडला की पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फटीतला मळ सुटतो. अशाच तीव्र ध्वनीने द्रवातील जिवाणूही मारता येतात. त्यासाठी द्रव लागतो, प्रचंड तीव्रता लागते आणि वस्तू त्यात बुडलेली असावी लागते. दिवाणखान्यात घंटा वाजवून जंतू मेल्याचे संदेश या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

परिणाम होतो तो माणसावर

घंटेचा आवाज एकाएकी सुरू होतो आणि हळूहळू विरतो. सुरुवातीच्या ठोक्याने कान टवकारतात; मग तो नाद बारीक होत जातो आणि ऐकणारा नकळत त्याच्या मागे जातो, तो संपला कुठे हे शोधत. त्या काही क्षणांत मनातली बाकीची बडबड थांबते. देवळात पाऊल टाकताना घंटा वाजवण्यामागे ही समज असलीच पाहिजे.

कांस्यवाट्यांच्या नादावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६२ जण सहभागी होते. सत्रानंतर त्यांचा ताण, राग, थकवा कमी झाल्याची नोंद आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तासभर मंद प्रकाशात शांत पडून राहिल्याने किती फरक पडला आणि वाटीने किती, हे त्यातून सांगता येत नाही. शंखाबद्दलचा पुरावा थोडा अधिक भक्कम आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेले ३० रुग्ण होते. काहींनी सहा महिने, आठवड्यातून किमान पाच दिवस, पंधरा मिनिटे शंख फुंकला; इतरांनी दीर्घश्वसन केले. शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी घटली, कारण जोराने फुंकताना घशाचे आणि टाळूचे स्नायू बळकट होतात. गट लहान आहे, तरी दिशा स्पष्ट आहे: शंखाचा लाभ फुंकणाऱ्याला झाला, आणि तो घशातून झाला.

गोव्यातील घुमट आरती ज्यांनी घरात बसून ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मातीच्या घड्याचे एक तोंड चामड्याने मढवलेले, दुसरे उघडे. एका हाताने ठोका आणि दुसऱ्या हाताने उघडे तोंड झाकत-उघडत सुराला वळण. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते थांबले आणि बकरीचे आले. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य घोषित केले. शामेळ आणि कांसाळे जोडीला घेऊन वीस-पंचवीस जण एका खोलीत, एका लयीत, एकाच वेळी श्वास घेऊन गातात. वर्षभर न बोललेले दोन भाऊ त्या माटोळीखाली शेजारी उभे असतात. घरातले काही बदलत असेल, तर ते तिथे बदलते.

मृत्यूनंतरही असेच. सुतकात देवपूजा बंद, त्यामुळे घंटाही मुकी. सुतक फिटल्यावर देव्हाऱ्यात ती पुन्हा वाजते, तेव्हा घरातल्या माणसांना कळते की दिवस पुन्हा रोजच्यासारखा सुरू करायचा आहे. हे कळण्यासाठी बाहेरून कोणी येऊन ‘ऊर्जा मोजून’ पैसे घ्यावेत, याची आवश्यकता नाही.

घर खरोखरच जड असेल तर

काही घरांत मात्र हे जडपण घंटेने जात नाही. रोज सकाळी डोके दुखते, मुले मलूल दिसतात, एका विशिष्ट खोलीत नकोसे वाटते. अशा वेळी पुन्हा पुन्हा शुद्धी करत राहणे धोक्याचे ठरू शकते.

१९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. जुन्या मोठ्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना रात्री पावलांचे आवाज ऐकू येत, कोणीतरी मागे उभे आहे असे वाटे. मुले फिकट पडली, डोकेदुखी सुटेना, कुंड्यांतली झाडेही मान टाकू लागली. अखेर घर उबदार ठेवणारी भट्टी तपासली. ती नादुरुस्त होती. धूर धुरांड्यातून न जाता घरात शिरत होता आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड सारे करीत होता. भट्टी दुरुस्त झाली, भुते गेली.

आपल्याकडे भट्टी नाही, पण गॅसवर चालणारे गीझर आहेत, आणि ते अनेकदा खिडकी बंद ठेवलेल्या न्हाणीघरात बसवलेले असतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या वासाने कळतो. हा वायू मात्र गॅस अर्धवट जळल्याने तयार होतो आणि कळत नाही. डोकेदुखी, गरगर, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे ही त्याची खूण. ‘घराबाहेर गेलो की बरे वाटते’ हेच वाक्य लोक वास्तुदोषाचा पुरावा म्हणूनही सांगतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते.

पावसाळी ओल हे दुसरे, अधिक नेहमीचे कारण. जांभ्या दगडाच्या भिंती पाणी ओढतात, कपाटामागे बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ओल आणि बुरशी यांचा संबंध दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी जोडला आहे. चवथीला उघडलेल्या बंद घरात धूप जाळण्याआधी दारे-खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. धूप वास झाकतो, बुरशी तिथेच राहते.

आणि कधी कधी जडपण ध्वनीमुळेच आलेले असते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे वैद्यकीय उपकरणे तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लोकांना विनाकारण थंडी वाजे, उदास वाटे. विक टँडी या अभियंत्याला तर एकदा डोळ्याच्या कडेला करडी आकृती सरकताना दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने शिकंज्यात पकडलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरू लागले. शोध घेता नव्याने बसवलेला हवा ओढणारा पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, माणसाला ऐकू न येणारा नाद खोलीत भरत असल्याचे आढळले. पंख्याची बसवणी बदलताच त्रास थांबला. टँडीने हे १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. अशा नादाने सर्वांनाच भुते दिसतात असे नाही आणि त्यावर संशोधकांत एकमतही नाही. पण छतावरचा पंप, जनरेटर किंवा वातानुकूलन यंत्राची न थांबणारी गुणगुण बंद झाल्यावर खांदे सैल झाल्याचा अनुभव कोणालाही आहे.

किनारपट्टीवरील रहिवाशांना याची सर्वाधिक जाण आहे. संगीताचा वरचा सूर भिंत अडवते, खालचा ठोका मात्र भिंतीतून आत येतो आणि खिडकीची तावदाने हलवतो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. ती ओलांडली गेल्यास तक्रार पोलिसांकडे करता येते. गीझरसाठी मात्र पोलिसांची गरज नाही: न्हाणीघराच्या झरोक्याला लावलेला पुठ्ठा काढायचा, गीझर शक्यतो खोलीबाहेर बसवून घ्यायचा आणि वर्षातून एकदा कारागिराला बोलावून त्याची ज्योत निळी जळते की पिवळी, ते पाहून घ्यायचे. पिवळी असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही.